वकिलीची सनद आहे, गाळा घेतलाय. काम कोणतं धरायचं?

सीनियरांचं ऑफिस सोडून स्वतःचं सुरू करणाऱ्या वकिलांनी पाठवलेल्या पत्रांतली सहा पत्रं या अंकात घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची नावं आणि गावं दिलेली नाहीत.

प्रश्न : सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी चार वर्षं ज्युनियर म्हणून काम केलं. आता कोर्टासमोरच गाळा घेतोय. सीनियर म्हणतात, "सुरुवातीला येईल ते घ्यायचं." बरोबरचे मित्र म्हणतात, एकच विषय धर. दिवाणी, फौजदारी, महसूल, अपघात यांतलं काय धरू?

विषय ठरवण्याआधी सकाळी अकराला तुम्ही कुठल्या दालनात उभे असणार, ते ठरवा. मोठ्या ऑफिसात एक जण सेशन्सला (जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात), दुसरा कनिष्ठ स्तराच्या दिवाणी कोर्टात आणि तिसरा तहसीलला जातो. तुम्ही एकटे आहात. तालुक्याला दाव्यात साक्षीदार उभा असताना जिल्ह्याला जामिनाचा युक्तिवाद लागला, तर त्यातलं एक सुटणारच. मुदत अर्ज एकदा मंजूर होतो, दुसऱ्यांदा खर्चासह होतो आणि तिसऱ्यांदा दावा गैरहजेरीत निकाली निघतो. तो फायलीवर परत घ्यायचा अर्ज ३० दिवसांत करावा लागतो, आणि तो तुम्ही स्वतःच्याच चुकीसाठी करत असता. त्याची फी मागायला तोंड राहत नाही. प्रतिवादीच्या बाजूने असाल तर समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) द्यायची. कारण दाखवून फार तर ९० दिवस मिळतात. नव्या ऑफिसातून पहिला अशील जातो तो बहुतेक "विना कैफियत" हुकमामुळे. कायदा माहीत नसल्यामुळे जाणारे कमीच.

म्हणून आधी मोजणी करा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तुमच्या तालुका कोर्टाचा रोजचा बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) मिळतो. कामकाजाचे दहा दिवस तो उतरवून घ्या आणि प्रकारानुसार रकाने पाडा: आर.सी.एस. (नियमित दिवाणी दावे), दरखास्त (निकालाची अंमलबजावणी), आर.सी.सी. (नियमित फौजदारी खटले), एस.सी.सी. (संक्षिप्त फौजदारी खटले, चेक बाउन्सचे त्यातच), किरकोळ अर्ज. किती प्रकरणं कोणत्या टप्प्यावर आहेत आणि त्यांत किती वेगवेगळ्या वकिलांची नावं आहेत, तेही लिहा. जिल्ह्याचं एकूण चित्र नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिडवर दिसतं. आता वाचन नीट करा. एस.सी.सी. दोनशे असतील आणि त्यातल्या दीडशे फक्त दोनच पतसंस्थांच्या, एकाच वकिलाच्या असतील, तर फिर्यादीच्या बाजूला तुम्हाला जागा नाही. आरोपींच्या बाजूला मात्र ती दीडशे माणसं आहेत. आर.सी.एस. शंभर असून चाळीस वकिलांत विखुरल्या असतील, तर तिथे अजून कुणाची पक्की पकड नाही, असं समजा.

मोजणी वेगळं काही सांगत नसेल, तर तुमच्या भागात आमचं मत जमिनीच्या कामाला. म्हणजे दिवाणी दावे आणि महसूल हे दोन्ही, जोडीने. दोन्ही दालनं एकाच गावात आणि बहुतेक ठिकाणी चालत जाण्याच्या अंतरावर असतात. शिवाय हे दोन कायदे एकमेकांत इतके गुंतलेत की एकच येणारा वकील अर्धं काम करतो. वाटपाच्या दाव्याचंच बघा. हुकूमनामा दिवाणी कोर्ट देतं, पण शेतसारा आकारलेल्या जमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं. फाईल तहसीलला आणि मोजणीला भूमी अभिलेखकडे जाते. कोर्टातून हुकूमनामा घेऊन अशिलाला "झालं तुमचं काम" म्हणणारे वकील आहेत. तो अशील पुढची कित्येक वर्षं हेलपाटे घालतो, आणि मग तहसीलची पायरी माहीत असलेला दुसरा वकील शोधतो.

कसं काम येतं, ते जवळून बघू. एक बाई सातबारा घेऊन येतात. वडील वारले, भावांची नावं लागली, यांचं नाही. नुसत्या आजच्या सातबाऱ्यावर मत देऊ नका. नावासमोर फेरफार क्रमांक असतो. त्या फेरफाराची नक्कल काढा, मग त्याच्या आधीच्या फेरफाराची, आणि निदान तीस वर्षं मागे जा. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर कंसात टाकलेलं नाव म्हणजे कमी झालेलं नाव. ते कोणत्या फेरफाराने कमी झालं आणि त्याखाली काय लिहिलंय, ते वाचा. "बहिणीने हक्क सोडल्याचा जबाब दिला" एवढंच असेल आणि नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल, तर तुमचा दावा तिथेच उभा राहतो. तलाठ्यासमोरच्या जबाबाने स्थावरातला हक्क जात नाही. इतर हक्कांचा रकाना शेवटी वाचायची सवय असते. तो आधी वाचा. बँकेचा बोजा, कुळाची नोंद, पुनर्वसनाचा शेरा सगळं तिथेच असतं. जमीन भोगवटादार वर्ग २ ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) आहे का, तेही त्याच बैठकीत बघून घ्या.

आता चूक कुठे होते? फेरफार चुकीचा म्हणून महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २४७ खाली प्रांतांकडे अपील करता येतं, मुदत ६० दिवस. नवा वकील तेवढंच करतो, कारण ते स्वस्त आणि लवकर होणारं वाटतं. पण फेरफार ही महसुलासाठीची नोंद. मालकी तिच्याने ठरत नाही. प्रांत, अप्पर जिल्हाधिकारी अशी पायऱ्या चढण्यात वर्षं जातात आणि तोवर भाऊ जमीन विकून मोकळे होतात. अशा प्रकरणात वाटपाचा दावा आधी, निशाणी ५ ला तात्पुरत्या मनाईहुकमाचा अर्ज त्याच दिवशी, आणि दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकांकडे नोंदवून घ्यायची. महसुली अपील मुदतीत असेल तर तेही करायचं, पण जोडीला. नोंद अजून मंजूर झालेली नसेल, तर फेरफाराच्या नोटिशीपासून १५ दिवसांत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. मग ती तक्रारी नोंद होते आणि सुनावणीशिवाय मंजूर करता येत नाही. या १५ दिवसांतलं काम छोटं असतं, पैसे रोख मिळतात, आणि पुढचा दावाही बहुधा तुमच्याकडेच येतो.

रस्त्याची प्रकरणंही अशीच. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेतात जायला रस्ताच नसेल आणि बांधावरून नवा हवा असेल, तर महसूल अधिनियमाचं कलम १४३. दोन्ही अर्ज तहसीलदारांकडेच जात असल्याने सर्रास अदलाबदल होते. १४३ च्या अर्जात "पूर्वापार वहिवाट आहे" असं लिहून वकील स्वतःच्याच अशिलाचं प्रकरण घालवतो, कारण रस्ता असेल तर नवा कशाला, हा समोरच्याचा पहिला प्रश्न.

पैशाचं बोलू. जमिनीचा दावा हप्त्याहप्त्याने पैसे देतो: दाखल करताना, मनाईच्या युक्तिवादाला, साक्षीला. मधली वर्षं कोरडी. समजा गाळाभाडं, कारकून, वीज, प्रवास, पुस्तकं धरून महिना २४,००० रुपये खर्च आहे, आणि एका शोध अहवालाचे (मिळकतीची मालकी तपासून दिलेला अहवाल) किंवा नोटिशीचे सरासरी २,००० मिळतात. म्हणजे महिन्याला अशी बारा कामं व्हायला हवीत, मग दाव्याची फी तुमच्या घरी जाते. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे घालून बघा. बारा जमत नसतील, तर सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच गाळ्याचं कुलूप उघडा. बँकेच्या शोध अहवालाचं काम चांगलं, पण एकदा त्या बँकेला सल्ला दिला की त्याच कर्जप्रकरणात कर्जदाराच्या बाजूने उभं राहता येत नाही. तालुक्याच्या गावात निम्मी माणसं त्याच बँकेची कर्जदार असतात, हे आधी मोजा.

सुरुवातीला काय सोडायचं? सेशन्स. जिल्ह्याला जाण्यात अख्खा दिवस मोडतो. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतंय, सांगली त्यात आहे, म्हणून लगेच रिट करायला धावू नका. मुंबईच्या वकिलाला फाईल पाठवण्याऐवजी आता कोल्हापूरला स्वतः जाऊन ब्रीफ देता येतं, तुमच्यासाठी सध्या फायदा तेवढाच. तोही काही थोडा नाही.

प्रश्न : पुण्याच्या उपनगरात राहते. मुलं लहान आहेत, रोज शिवाजीनगर कोर्टात जाणं जमणार नाही. सोसायट्यांची कामं आणि महारेरा (गृहप्रकल्पांचं नियामक प्राधिकरण) एवढ्यावर ऑफिस चालेल का?

चालेल. रोज कोर्टात न जाता चालणाऱ्या थोड्या क्षेत्रांपैकी हे एक आहे. महारेराची तक्रार ऑनलाइन दाखल होते, फी ५,००० रुपये, आणि सुनावण्या व्हिडिओवर होतात. सोसायटीची थकबाकी उपनिबंधकांकडे जाते. गृहनिर्माण संस्थांसाठी सहकारी संस्था कायद्यातलं ते कलम आता १५४ब-२९ आहे, जुन्या सवयीने अर्जावर १०१ लिहू नका. सभासद आणि सोसायटी यांच्यातला वाद कलम ९१ खाली सहकार न्यायालयात. म्हणजे बाहेर पडायचे दिवस आठवड्यातून दोन, आणि ते आधी ठरवता येतात.

मुख्य भाकरी मात्र मानीव अभिहस्तांतरणाची. बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावे करून दिली नाही, तर मोफा (महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स) कायदा, १९६३ च्या कलम ११ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज होतो. कागद गोळा करण्यातच दोन-तीन महिने जातात: सोसायटीचं नोंदणीपत्र, सर्व सदनिकांचे करारनामे किंवा सूची दोन (दस्त नोंदणीचा उतारा), सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभपत्र, आर्किटेक्टचा क्षेत्राचा दाखला, बिल्डरला दिलेली नोटीस. भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर स्वयंघोषणापत्रावर अर्ज पुढे जातो.

अडतं ते दोन ठिकाणी. एका भूखंडावर तीन इमारती आणि तीन सोसायट्या असल्या, तर प्रत्येकीच्या वाट्याला किती क्षेत्र, हे आर्किटेक्टच्या दाखल्यात आधी नीट बसवा. तिन्ही दाखल्यांची बेरीज भूखंडापेक्षा जास्त आली की अर्ज परत. दुसरं, मूळ जमीनमालक वारलेला असतो आणि वारसांना सामनेवाले केलेलंच नसतं. आदेश मिळतो, वारस उच्च न्यायालयात जातात, आणि प्रकरण फेरसुनावणीला परत येतं.

आदेशानंतरही काम उरतं. मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णय (मुद्रांक शुल्काची निश्चिती), मग दस्त नोंदणी, मग मिळकत पत्रिकेवर नाव. फी चार टप्प्यांत बांधून घ्या, शेवटचा टप्पा पत्रिकेवर नाव लागण्याचा. एकरकमी ठरवलीत, तर शेवटची सहा-आठ महिन्यांची पायपीट फुकट होईल. वकीलपत्रासोबत सर्वसाधारण सभेच्या ठरावाची प्रत घ्याच. मध्येच समिती बदलते, आणि नवे चेअरमन विचारतात, "यांना नेमलं कुणी?"

महारेराबद्दल अशिलाला पहिल्याच बैठकीत एक सांगा: आदेश आणि पैसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिल्डरने पैसे भरले नाहीत तर वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, आणि तिथून ते तहसीलला पोचतं. हे आधी सांगितलं नाही, तर वर्षभराने त्याचा राग तुमच्यावर निघतो.

आणि उपनगर लहान असतं. ज्या सोसायटीची तुम्ही वकील, तिथला थकबाकीदार सभासद उद्या "मॅडम, जरा सल्ला" म्हणून येईल. पत्ता विचारल्याशिवाय फाईल उघडू नका.

प्रश्न : चेक बाउन्सच्या केसेस नव्या वकिलाला तारतात असं ऐकतो. खरं का?

तारतात, कारण नोटीस आणि फिर्याद अशी दोनदा लगेच फी मिळते आणि कागद ठरलेले असतात. बुडवतात तारखांमुळे. नमुना मांडून बघा. बँकेचा परतीचा मेमो अशिलाला ३ मार्चला मिळाला. नोटीस ३० दिवसांत, म्हणजे २ एप्रिलपर्यंत पाठवायची. ती आरोपीला २० मार्चला मिळाली, तर त्याला १५ दिवस, म्हणजे ४ एप्रिलपर्यंत. त्या आधी फिर्याद केली तर ती अकाली ठरून जाते. फिर्यादीचं कारण घडतं ५ एप्रिलला आणि तिथून एक महिना, म्हणजे ५ मेपर्यंत फिर्याद दाखल व्हायला हवी. डायरीत मात्र २० एप्रिल लिहा. ई-फायलिंगचे आक्षेप, सहीसाठी न फिरकणारा अशील आणि उन्हाळी सुट्टी हे तिन्ही मध्ये येतं. नोटीस पोचल्याची तारीख पोस्टाच्या ट्रॅकिंगवरून त्याच आठवड्यात छापून ठेवा, नंतर ती संकेतस्थळावर राहत नाही.

नोटिशीत चेकची रक्कम जशीच्या तशी हवी. सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये अशा रकमेतली टंकलेखनाची चूकसुद्धा माफ केली नाही. जुन्या नोटिशीवर नवं नाव टाकून छापणाऱ्यांसाठी हा इशारा पुरे. चेक कंपनीचा असेल तर कंपनीला आरोपी करा. नुसत्या संचालकांवर फिर्याद टिकत नाही. फिर्याद कुठे? चेक खात्यात भरला असेल, तर अशिलाचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात. आणि हातउसन्या पैशांची केस घेण्याआधी अशिलालाच उलटतपासणीसारखं विचारा: चार लाख रोख दिलेत, ते तुमच्याकडे आले कुठून? उत्तर डळमळलं तर आरोपीचा वकीलही हेच विचारणार, आणि आरोपी तिथेच सुटणार.

एकट्या वकिलाने अशा चालू फायली पन्नासच्या वर जाऊ देऊ नयेत, असं आम्हाला वाटतं. पन्नास म्हणजे एका दालनात रोज तीन-चार तारखा. त्यापुढे तुम्ही फक्त हजेऱ्या लावता.

प्रश्न : अपघात दाव्यांत आमच्याकडे सगळे टक्केवारीवर काम करतात. मी तसं न करता टिकेन का?

टक्केवारी घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. निकालावर अवलंबून फी ठरवायला आणि मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायला मनाई आहे. उद्या अशिलाने तक्रार केली तर "सगळेच घेतात" हा बचाव होत नाही. फी टप्प्यांवर ठरवा आणि थोडी तरी आधी घ्या.

टिकण्याचा मार्ग उत्पन्नाच्या पुराव्यात आहे. हिशेब बघा. मृत ३४ वर्षांचा, स्वतःचा धंदा, महिना १५,०००, मागे चार अवलंबून. भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून २१,०००, स्वतःच्या खर्चाचा पाव भाग वजा करून १५,७५०, वर्षाचे १,८९,०००, वयानुसार गुणक १६, झाले ३०,२४,०००. आता पुरावा कच्चा म्हणून न्यायाधिकरणाने उत्पन्न १०,००० धरलं, तर तोच हिशेब २०,१६,००० वर येतो. दहा लाखांचा फरक एका दाखल्याने पडतो. म्हणून पहिल्या आठवड्यात घरी जाऊन उधारीच्या वह्या, बाजार समितीच्या पट्ट्या, दूध संघाची बिलं, बँकेचं पासबुक गोळा करा. तेराव्यानंतर घर आवरलं जातं आणि वह्या रद्दीत जातात. दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा, हेही लक्षात असू द्या. १ एप्रिल २०२२ पासून ही मुदत कायद्यात परत आली आहे.

प्रश्न : एक विषय ठरवला, तर पाटीवर "फौजदारी तज्ज्ञ" असं लिहिता येईल का? आणि जीएसटी नोंदणी लागेल का?

पाटीवर नाही. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे पाटी माफक आकाराची हवी, आणि अमुक प्रकारच्या कामात विशेष आहे असं पाटीवर किंवा लेटरहेडवर लिहिता येत नाही. स्वतःच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनद क्रमांक, शिक्षण यांच्यासोबत कामाची क्षेत्रं देण्याची मुभा २००८ पासून आहे. जिंकलेल्या केसचे रील टाकणं त्यात बसत नाही.

जीएसटी: व्यक्तिगत वकिलाने सामान्य माणसाला दिलेली सेवा करमुक्त आहे, आणि व्यावसायिक संस्थेला दिलेल्या सेवेवर कर लागलाच तर तो ती संस्थाच भरते. त्यामुळे नुसत्या वकिलीसाठी नोंदणी लागत नाही.

प्रश्न : विषय ठरवला आणि घटस्फोटाचं काम आलं. ओळखीतलं आहे. "मी करत नाही" कसं सांगू? आणि दुसऱ्याकडे पाठवलं तर वाटा मागावा का?

त्याच दिवशी सांगा. "बघतो" म्हणून कागद ठेवून घेणं सगळ्यात वाईट. कागद तुमच्या कपाटात असताना मुदत संपली, तर वकीलपत्र नव्हतं हे नंतर कुणाला पटत नाही. मूळ कागद ठेवू नका. ठेवलेच असतील तर यादी करून सहीनिशी परत द्या.

एका ओळीचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, तारखेसह: "आपलं प्रकरण मी चालवत नाही. पोटगीच्या अर्जात आपल्याला म्हणणं १२ तारखेपर्यंत द्यायचं आहे. त्याआधी दुसरे वकील नेमावेत." कोणती मुदत कधी संपते ते त्यात असलंच पाहिजे. वैवाहिक प्रकरणात पोटगीसाठी दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या निकालापासून. ते भरायला वेळ लागतो, हेही ओळखीच्या माणसाला सांगायला हरकत नाही.

ज्याच्याकडे पाठवाल त्याच्याकडून वाटा मागू नका. मध्यस्थ म्हणून पैसे घेण्याची वाट तिथूनच सुरू होते, आणि गावात ते आठवड्यात कळतं. दोन-तीन नावं द्या, निवड अशिलाला करू द्या. पुढे त्या वकिलाकडे सातबाऱ्याचं काही आलं की फोन तुम्हालाच येतो.